बगळा शिवला की पाकोळी होते

मार्सेय, ८ जानेवारी १९८९

प्रिय मनूबिया आत्या,

बाबा म्हणाले, आत्याला लिहिणार असशील तर आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी कर आणि मग कामाचं बोल. तर गुडघे कसे आहेत?

आता काम. तू ज्या घराण्यासाठी लाल लोकरी शेशिया टोप्यांच्या आत निशाण शिवतेस, त्या दार तीजानीचे मालक सी खमैस गेल्या महिन्यात इथल्या प्रदर्शनाला आले होते. ते आमच्या कचेरीत येऊन गेले. त्यांना दुकानाची पाटी, खोकं, कागदी पिशवी आणि टोपीत लावायला कापडाची छापील पट्टी, सगळं नव्याने हवंय, आणि सगळ्यांवर एकच नीटनेटकं निशाण. आमची कचेरी हेच करते. लोकांच्या धंद्यांना चेहरे काढून देते. आजवर मी दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरले. बिस्किटवाल्याचा सूर्य, नळवाल्याचा थेंब. हे पहिलं काम माझ्या नावावर आहे. साहेबांना मी सांगितलं, गेल्या चाळीस वर्षांत त्या घराण्याची एकही टोपी माझ्या आत्याच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेली नाही. ते उठून उभे राहिले, खरंच. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू.

पण खरं सांगायचं तर ते निशाण मी धड पाहिलेलंच नाही. मी चार वर्षांची असताना आम्ही आर्याना सोडलं. मला गच्चीवर वाळणाऱ्या पांढऱ्या टोप्या आठवतात आणि त्यांना हात लावला म्हणून तू मारलेली चापट आठवते, बस्स. सी खमैस म्हणाले, पाकोळी आहे. तुझ्या हातची एक पाकोळी मला पाठव. तिच्यावरून मी चित्र काढीन.

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की निशाण रस्त्याच्या पलीकडून ओळखू आलं पाहिजे.

तुझी,
दलेंदा

*

आर्याना, २१ जानेवारी १९८९

माझ्या लाडक्या दलेंदा,

गुडघे बसले की उठत नाहीत आणि उठले की बसत नाहीत. बाकी मी ठणठणीत आहे. तुझ्या बापाला म्हणावं, बहिणीच्या गुडघ्यांची एवढी काळजी असेल तर स्वतः येऊन दाबून दे.

तू दुसऱ्यांच्या धंद्यांना चेहरे काढतेस हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. शेजारीण म्हणाली, म्हणजे ती पाट्या रंगवते. मी म्हटलं, तुझी मुलगी पाट्याही रंगवत नाही. दोन दिवस झाले, आमचं बोलणं बंद आहे.

तुमचा नियम वाचला. आमचं निशाण रस्त्याच्या पलीकडून कोण बघणार? ते टोपीच्या आत असतं, डोक्याला टेकलेलं. ते जवळून ओळखायचं, आणि तेही अंगठ्याने. त्रिपोलीचे हाजी मिफ्ताह दर वर्षी ईदेच्या आधी येतात आणि सहाशे शेशिया नेतात. ते म्हणे लोकर बघत नाहीत, रंग बघत नाहीत. टोपी उलटी करतात, आत अंगठा फिरवतात आणि मान हलवतात. सत्तावीस वर्षं ते माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवताहेत आणि मी त्यांना एकदाही पाहिलेलं नाही. माझी शिलाई घरातच असते. विणणाऱ्या बायका टोप्या आणून देतात, मी निशाण शिवते, दुकानाची गाडी येऊन नेते. बाजारात निशाणवालीचं काही काम नसतं, असं आमच्यात चालत आलंय.

लाल टोपी पाठवणं मला जमणार नाही. माझ्याकडे एकच आहे, तुझ्या आतोबांची, आणि ते गेल्यापासून ती मी कोणाच्या हातात देत नाही. म्हणून काल शिवलेली पांढरीच पाठवते. निशाण तर तेच असतं. बरोबर भाजल्या पिठाची, तीळ घातलेली बसीसा आहे. एकटीने खा, बापाला देऊ नकोस, त्याला साखरेचा त्रास आहे.

तुझी आत्या,
मनूबिया

*

मार्सेय, ६ फेब्रुवारी १९८९

प्रिय आत्या,

बसीसा पोचली. बाबांनी डबा हुंगला आणि डोळे पुसले, म्हणून त्यांना दोन चमचे दिले. रागावू नकोस.

आता जे लिहिते ते वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. पुडकं उघडलं आणि टोपी बाहेर काढली. आधी वाटलं, ही टोपी आहे की हंडा, माझे दोन्ही खांदे त्यात जातील. मग निशाण पाहिलं. आत्या, ती पाकोळी नाही. तो बगळा आहे. लांब मान, लांब पाय, पंख मिटलेले. दोरेही सैल सुटलेत, बोट घातलं तर अडकतं. शेपटीखाली एक जाडजूड गाठ राहून गेलीय.

चाळीस वर्षं बारीक काम केल्यावर कोणाचेही डोळे दमतील. त्यात लाज कसली? बाबा आणि मी बोललो. या उन्हाळ्यात तू इकडे ये, इथे डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत.

मी निशाण नीट करून घेतलंय. पंख पसरलेले, शेपटीला दोन टोकं, मान आखूड. नखाएवढं काढा की भिंतीएवढं, पाकोळी ती पाकोळीच दिसते. गाठ काढून टाकली. साहेबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि सी खमैस फोनवर म्हणाले, आमच्या घराण्याला शंभर वर्षांत असा चेहरा मिळाला नव्हता. छापील पट्ट्या पुढच्या हिवाळ्यापर्यंत तयार होतील. त्या आल्या की तुलाही आराम. तोवर हाजी मिफ्ताह यांच्या सहाशे टोप्यांवर तू याच चित्राप्रमाणे शिवायचंस, असं सी खमैस यांनी ठरवलंय. मापासकट कागद मी त्यांना पाठवलाय. कागद टोपीवर ठेव, टाचणी लाव आणि रेघेवरून शिव. डोळ्यांना त्रासच नाही.

तुझी,
दलेंदा

*

आर्याना, १ मार्च १९८९

दलेंदा,

माझ्या खिडकीतून मशिदीच्या मनोऱ्यावर बसलेलं कबूतर दिसतं. त्याचा कोणता पाय लंगडा आहे तेही दिसतं. डॉक्टर तुझ्या साहेबाला दाखव.

सी खमैस स्वतः आले. त्यांनी तुझा कागद माझ्या मांडीवर ठेवला. आदराने म्हणाले, "लल्ला मनूबिया, असंच्या असं."

मी विचारलं, "असंच्या असं?"

म्हणाले, "दोराभरही इकडे तिकडे नको. मोठ्या शाळेत शिकलेल्या मुलीने काढलंय, आणि ती तुमचीच आहे."

मी म्हटलं, "माझीच आहे." मग मी एक शब्द बोलले नाही.

दहा दिवसांत सहाशे टोप्या शिवून दिल्या. तुझ्या कागदावरच्या रेघेबाहेर एक टाका गेलेला नाही. फक्त गाठ कागदावर नव्हती. पण दोरा कुठेतरी संपवावाच लागतो, तो माझ्या पद्धतीने संपवला. गुरुवारी गाडी टोप्या घेऊन बत्तानच्या गिरणीवर गेली. आता पाणी काय म्हणतं ते बघू.

छापील पट्ट्या येणार आणि मला आराम मिळणार हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ज्यांच्याकडे चाळीस वर्षं काम केलं त्यांच्या तोंडून आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

बापाला सलाम.

मनूबिया

*

ट्यूनिस, शेशियावाल्यांचा बाजार, १७ एप्रिल १९८९

आदरणीय दलेंदा बाई,

रमजानच्या शुभेच्छा. आनंदाने लिहावं असं माझ्याकडे काही नाही.

हाजी मिफ्ताह परवा आले. नेहमीप्रमाणे बाकावर बसले. रोजा असल्यामुळे चहा नव्हता, पण गप्पा झाल्या. मी नवं खोकं दाखवलं, त्यावरची तुमची पाकोळी दाखवली. ते "माशाल्लाह" म्हणाले. मग त्यांनी एक शेशिया उचलून उलटी केली. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खमैस, ही बेडकी कोणाची?"

मी पाहिलं. बाई, शपथेवर सांगतो, बेडकीच होती. पंख आडवे फेंगडलेले, मान नाही, शेपटी पोटात गेलेली. दुसरी उलटी केली, तीही बेडकी. सगळ्या सहाशेंच्या आत बेडकी बसली आहे. हाजी उठले. म्हणाले, "तुझे वडील असते तर असं झालं नसतं. खोक्यावर एक आणि टोपीत एक, हे नकली माल विकणाऱ्यांचं काम आहे." सत्तावीस वर्षांचं गिऱ्हाईक बाजारासमोर माझ्याकडे पाठ करून निघून गेलं. ते अजून ट्यूनिसमध्ये नातेवाइकांकडे आहेत आणि दुसऱ्या दुकानांतून माल बघताहेत.

तुमचा कागद मी पुन्हा पाहिला, त्यात खोट नाही. म्हणजे लल्ला मनूबियांचे डोळे तरी गेले असावेत, नाहीतर मन तरी. तुम्हीच त्यांना विचारा, माझी हिंमत होत नाही. लहानपणी त्यांनी मलाही चापट मारलेली आहे.

आपला,
खमैस तीजानी

*

मार्सेय, २२ एप्रिल १९८९

प्रिय आत्या,

सी खमैस यांचं पत्र आलं आणि मला तुझा राग आला. म्हटलं, आत्याने मुद्दाम माझं काम बिघडवलं. तुला चार खरमरीत ओळी लिहायला बसले. पुरावा म्हणून तू पाठवलेली पांढरी टोपी समोर ठेवली. तिच्यावर माझ्या हातून कॉफी सांडली.

आमच्या गल्लीच्या टोकाला कपडे धुण्याचं दुकान आहे, नाणं टाकलं की यंत्र चालतं. डाग निघावा म्हणून मी सगळ्यात गरम पाणी लावलं, वर साबणही जास्त घातला. डाग काही निघेना. म्हणून पुन्हा धुतली. तिसऱ्यांदाही.

दार उघडलं तर आत हंडा नव्हता. टोपी होती. माझ्या डोक्याला बरोबर बसेल एवढी, जाड आणि घट्ट. मी ती उलटी केली. आत्या, आत पाकोळी होती. मान आखूड झालेली, पंख उघडलेले, शेपटीला दोन टोकं, आणि लांब पाय कुठे गेले ते कळत नव्हतं. ते सैल दोरे लोकरीत रुतून बसले होते. अंगठा फिरवला तर एकेक टाका हाताला लागत होता. शेपटीखालची गाठ मसुराच्या दाण्याएवढी उरली होती.

मी तिथेच बाकावर बसून रडले. शेजारी एक अल्जीरियाची म्हातारी चादरी घड्या घालत होती. तिने विचारलं, "आटली का गं?" मी म्हटलं, "आटली." ती म्हणाली, "जाऊ दे, लोकर आहे, सगळ्यांचंच होतं." तिला काय सांगणार, की लोकर आटते हे आख्ख्या दुकानात मला एकटीलाच माहीत नव्हतं?

टोपी उंचीला निम्मी झाली, रुंदीला जेमतेम चौथ्या हिश्शाने कमी झाली. मी मोजलं. म्हणजे तू बगळा शिवतेस तो पाकोळी व्हावी म्हणून. पुढे काय होणार ते आधी बघून, तेवढं वाकडं शिवतेस. आणि मी तुला डोळ्यांचा डॉक्टर दाखवत होते. मी नखाएवढी आणि भिंतीएवढी पाकोळी काढली, पण ती ज्यावर बसणार त्या लोकरीला हात लावून पाहिला नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. ते खांद्यावर थोपटायला आले नाहीत. चूक माझी आहे, तसं मी सी खमैस यांना कळवलंय. पण एक विचारू? तुला माहीत होतं. बेडकी होणार हे तुला पहिल्या टाक्यालाच दिसलं असणार. मग बोलली का नाहीस?

तुझी,
दलेंदा

*

आर्याना, २ मे १९८९

माझ्या पोरी,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं. कपडे धुण्याचं दुकान आलं तेव्हा ती इतकी हसली की आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आर्यानातल्या मांजरांनाही ठाऊक आहे की पांढरी टोपी बत्तानला जाते, गरम पाण्यात कुटली जाते आणि निम्मी होऊन, लाल रंगून येते. खमैसलाही ते ठाऊक आहे, पण कुटण्याआधीचं निशाण त्याने कधी पाहिलेलंच नाही. तुला ठाऊक नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती माझी पहिली चूक.

दुसरी जास्त मोठी आहे. हो, मला दिसत होतं. तू लिहिलंस की डोळे दमलेत, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर त्या छापील पट्ट्या. म्हटलं, शिकलेल्यांना हवंय ना, घ्या असंच्या असं. सहाशे टोप्या मी रागाने शिवल्या, आणि त्या माझ्या एकटीच्या नव्हत्या. त्या विणायला चाळीस घरांतल्या बायका हिवाळाभर बसल्या होत्या. हाजींनी माल टाकला हे गल्लीत कळलं तेव्हा कोणी मला काही बोललं नाही. कोणी बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

तुझं पत्र आल्यावर मी उठले. तुझ्या आतोबांची लाल शेशिया रुमालात बांधली, सफसारीची पांढरी चादर अंगावर घेतली आणि बसने ट्यूनिसला गेले. सरळ शेशियावाल्यांच्या बाजारात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. खमैसने मला पाहिलं आणि त्याच्या हातातला टोपीचा लाकडी साचा खाली पडला. मी म्हटलं, "हाजींना बोलव. निशाणवाली आलीय म्हणून सांग."

ते आले. मला वाटलं होतं उंच असतील. माझ्याएवढेच आहेत, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. मी म्हटलं, "हाजी, सत्तावीस वर्षं तुम्ही माझ्या हाताची परीक्षा घेताय. आज शेवटची घ्या. पण डोळे मिटून."

ते म्हणाले, "डोळे मिटले काय, उघडले काय, बेडकी ती बेडकीच."

मी म्हटलं, "बेडकी माझीच आहे. तिचं मी नंतर सांगते. आधी मिटा."

त्यांनी मिटले. मी आतोबांची टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा पंखांवरून खाली गेला आणि शेपटीखाली थांबला. मान हलली. मग मी बेडकीवाली दिली. अंगठा त्या फेंगड्या पंखांवरून गेला, कपाळाला आठ्या पडल्या. मग तो खाली आला आणि तिथेच थांबला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "गाठ तीच आहे."

मी म्हटलं, "दोरा सुती असतो, तो ताणला जात नाही, आणि कुटली की लोकर जाड होते. त्याला ढील दिली नाही तर लोकर चुरगळते. ढील राहिली तर दोरा उसवतो. म्हणून शेवटी दोन वेढे देऊन गाठ मारायची, म्हणजे पाण्यात ती दाण्यासारखी घट्ट होते. ही माझी मी शोधलेली आहे. ट्यूनिसमध्ये दुसरी कोणी मारत नाही."

बेडकी मी रागाने शिवली तेही सांगितलं. तेव्हा हाजी उठून उभे राहिले. बाजारात, सगळ्यांसमोर, रोज्याच्या पोटी. म्हणाले, "लल्ला, मी आजवर समजत होतो की मी पाकोळी ओळखतो. मी तुमची गाठ ओळखत होतो." मग त्यांनी सहाशेच्या सहाशे शेशिया गाडीत चढवायला सांगितल्या. खमैसने सगळी निशाणं उसवून देण्याची तयारी दाखवली, तर म्हणाले, "हात लावू नकोस. या वर्षी त्रिपोलीत बेडकी चालेल. कोणी विचारलं तर सांगीन, हिला बनवणारी बाई मी पाहिली आहे."

आता तुला एक सांगते, आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दार तीजानीचं जुनं निशाण पाकोळी नव्हतं. थोरल्या सी तीजानींनी स्वतःचं नाव नक्षीदार अक्षरांत काढून दिलं होतं. ते कुटून आलं की शेणाच्या पोसारखं दिसायचं, आणि त्यांना सांगणार कोण? मी एकोणीस वर्षांची होते, नवं लग्न झालेलं. ओसरीवर पाकोळ्या होत्या. सहा टाक्यांत बसेल असा एक पक्षी मी शोधत बसले. पहिल्या वीस टोप्या माझ्याच विणलेल्या, त्या बत्तानला पाठवल्या आणि प्रत्येक वेळी काय येतं ते बघितलं. कावळा आला, कोंबडी आली, एकदा तर चहाची किटली आली. एकविसावी पाकोळी आली. ती तुझ्या आतोबांनी आयुष्यभर डोक्यावर घातली. बाविसावी मी थोरल्या सी तीजानींच्या मालात घालून दिली, काही न सांगता. त्यांनी ती उलटी केली, बराच वेळ पाहिली आणि निरोप पाठवला, "यापुढे हेच."

निशाण घराण्याचं असतं, शिवणारीचं नसतं. म्हणून मी गप्प राहिले. पण हाजी उभे राहिले तेव्हा मला वाटलं, कोणाला तरी माहीत असावं. तुला माहीत असलेलं मला आवडेल.

चार-पाच दिवसांवर ईद आहे. खजुराच्या मकरूद मिठाईची तयारी चाललीय.

तुझी आत्या,
मनूबिया

*

मार्सेय, ३० मे १९८९

प्रिय आत्या,

हे पत्र छोटं आहे, कारण पाकीट मोठं आहे.

आत दोन चित्रं आहेत. एक पाकोळी, ती खोक्यासाठी, पिशवीसाठी आणि पाटीसाठी. ती मी पुन्हा काढली. जुनी फार गुळगुळीत होती. ही तुझ्या टाक्यांवरून काढली, सहा रेघांची, आणि शेपटीखाली दाणा आहे. साहेब म्हणाले, हा ठिपका कशाला, डाग वाटतो. मी म्हटलं, तेच निशाण आहे, बाकी सगळी सजावट.

दुसरं चित्र बगळ्याचं. त्यावर मापं लिहिलीत. खाली लिहिलंय, "लोकरीवर शिवताना असंच्या असं." तुझ्यानंतर जी कोणी शिवेल तिच्यासाठी. छापील पट्ट्यांचं काम मी सी खमैस यांना रद्द करायला सांगितलं. त्यांनी आधीच केलं होतं.

निशाणाची सरकारी नोंदणी करायची आहे. अर्जात एक रकाना आहे, "चिन्ह कोणी तयार केलं." सी खमैस यांनी फोन करून विचारलं, तिथे तुमच्या कचेरीचं नाव घालायचं ना? मी म्हटलं नाही आणि तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. रागावणार असशील तर रागाव. त्यांनी शेवटचं पान मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "वडील शेवटच्या आजारात सारखे म्हणायचे, मनूबियाला विचार. मला वाटायचं, शिलाईबद्दल म्हणताहेत." अर्जाची नक्कल सोबत आहे. त्या रकान्यात काय लिहिलंय ते बघ. मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलंय.

हे माझ्या नावावरचं पहिलं काम होतं. आता ते तुझ्या नावावर आहे आणि मी त्याची जास्त फुशारकी मारते.

तुझी,
दलेंदा

*

आर्याना, १२ जुलै १९८९

माझ्या दलेंदा,

उद्या मोठी ईद. मेंढा गच्चीवर बांधलाय आणि तो माझं लिहिणं वाचल्यासारखा बघतोय.

अर्ज मिळाला. मी तो कोणालाही दाखवणार नव्हते. आता तो शेजारणीच्या मुलीकडे आहे, ती तिच्या सासूला दाखवायला घेऊन गेलीय. चार मुली शिकायला येतात. त्यांना मी सांगते, आधी बगळा शिका. एकीने परवा बगळा शिवला आणि तिला वाटलं आपण चुकलो, म्हणून रडायला लागली. मी तिला तुझं दुकानातलं रडणं सांगितलं.

हाजींचा निरोप आलाय. पुढच्या वर्षी सहाशे पाकोळ्या, आणि दहा बेडक्या. त्यांच्या धाकट्या जावयाला बेडकीच हवी म्हणे. मी खमैसला सांगितलं, बेडकी शिवायला मला पुतणीचा कागद लागतो, तो जपून ठेव.

पाटी लागली. रस्त्याच्या पलीकडून ओळखू येते, तुमचा नियम खरा आहे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव आहे, ते मात्र जवळ गेल्यावरच वाचता येतं. म्हणून मी जवळ गेले. ते वाचून मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेले, धने आणि जिरं घेतलं, आणि पुन्हा पाटीवरून आले.

काल परत गेले होते. धने-जिरं घरात भरपूर आहे. मला तिकडे काहीच काम नव्हतं.

तुझी आत्या,
मनूबिया